नाना आणि 'चॅप्टर'

'अरे, हे चॅप्टर कोण?'

रविवार, सकाळचे पावणेसात. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी ही वेळ अस्तित्वातच नसते. नानांसाठी ती जवळजवळ दुपार. फोन राहात्याहून होता आणि आवाज वर्गातला होता, म्हणजे मागच्या बाकावरच्या पोराला उभं करताना लागायचा तो.

'कोण चॅप्टर?' मी अर्धवट झोपेत.

'तेच तर विचारतोय. माझ्या पुस्तकात पान नऊवर उभा आहे. पान एकोणीसवर पुन्हा. दर आठ-दहा पानांनी येतोय गडी.'

आमच्याकडे 'चॅप्टर' हा शब्द माणसाला लावतात. 'लई चॅप्टर आहे तो' म्हणजे त्याच्यापासून जरा जपून. नाना एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेत, त्यांना दुसरा अर्थ माहीत नव्हता असं अजिबात नाही. पण मी रात्री दोन वाजता मोठ्या अभिमानानं पाठवलेली पीडीएफ त्यांनी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून भल्या सकाळी काढून आणली होती. मजकूर त्यांचा, मराठी. मथळे त्यांचे, मराठी. आणि प्रत्येक मथळ्याच्या डोक्यावर ठसठशीत रोमन अक्षरांत 'चॅप्टर वन', 'चॅप्टर टू'. लग्नाच्या फोटोत मध्येच अनोळखी माणूस दात काढून उभा असतो ना, तसं.

'सॉफ्टवेअरनं टाकलंय, नाना.'

'सॉफ्टवेअरला कोणी सांगितलं होतं?'

कोणीच नव्हतं सांगितलं. प्रॉब्लेम तोच होता.

थोडं मागे जातो. आमची राहात्यात दोन एकर पेरूची बाग होती. सरदार जातीचा पेरू, गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या चारीवर. शिर्डीला गाडीनं गेला असाल तर नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला पेरूच्या पाट्या मांडून बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील, कदाचित तिखट-मीठ लावून एखादा खाल्लाही असेल. त्यातले काही आमचे असायचे. नानांनी कलमं लावली १९९३ साली आणि पहिला बहार धरला १९९६ साली. तेव्हापासून दर वर्षी एक वही. पाणी किती मिळालं, आवर्तन किती दिवस लांबलं, खत, भाव, वटवाघळं, कोणाचं लग्न, कोण वारलं, मी सायकलवरून कुठे पडलो... सगळं त्या वहीत. रिटायर झाल्यावर त्यांनी त्या वह्या नीट लिहून काढल्या आणि म्हणाले, याचं पुस्तक करू. शंभर प्रती. विकायला नाही, वाटायला.

मी पुण्यात फ्रीलान्स पत्रकारिता करतो. म्हणजे नक्की काय करतो, हे आईला अजून समजावता आलेलं नाही, पण 'पुस्तक' या शब्दाच्या आसपासचं काहीतरी करतो, एवढं घरी माहीत आहे. त्यामुळे ही जबाबदारी आपोआप माझ्या गळ्यात आली.

आधी एका डीटीपीवाल्याला दिलं. त्यानं टाइप केलं छान. पण नाना लेखक झाल्यावर कळलं, की लेखक ही जमात काय असते! त्यांनी तीन वेळा क्रम बदलला. दर वेळी प्रत्येक मथळ्याचा आकडा, प्रत्येक पानाच्या डोक्यावरची ओळ आणि अनुक्रमणिकेतलं प्रत्येक पान हातानं बदलायचं. तिसऱ्या खेपेला अनुक्रमणिका म्हणत होती पान ६१ आणि मजकूर सापडला ७४ वर. बिल मात्र बरोबर जागी होतं. फाईल मागून घेतली तर ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली. माझ्या लॅपटॉपवर उघडली तर 'पेरू' शब्दाच्या जागी डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हांचा चिवडा. सगळं पुन्हा टाइप करून घेतलं. मीच केलं, दोन महिने, रात्री.

इथे एंट्री होते माझ्या फ्लॅटमेटची. मुलगा अलाहाबादचा, हिंजवडीत कोड लिहितो. पेरूवरून आमची दोस्ती आणि पेरूवरूनच भांडणं, कारण त्याच्या मते जगात खरा पेरू एकच, अलाहाबादी सफेदा. नानांनी हे ऐकल्यापासून त्याचं नावच 'सफेदा' ठेवलंय. सफेदा मला वर्डमध्ये हातानं आकडे बदलताना बघून म्हणाला, 'भाई, ये क्या मजदूरी कर रहा है? लाटेक में कर.'

लाटेक. स्पेलिंगच्या शेवटी एक्स आहे, पण उच्चार 'क'. हे प्रकरण... सॉरी, ही भानगड काय आहे ते थोडक्यात सांगतो. डोनाल्ड नूथ नावाचे अमेरिकन प्राध्यापक. १९७७ मध्ये त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली आणि ती इतकी कुरूप होती, की ते वैतागले. आपल्याकडे लेखक अशा वेळी प्रकाशकाला शिव्या देतो आणि गप्प बसतो. नूथ यांनी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअरच लिहायला घेतलं, टेक नावाचं. वर्षभरात उरकेल असं वाटलेलं काम पुढे दहाएक वर्षं चाललं. त्यावर १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी सोपा थर चढवला, तो लाटेक. आणि हे फुकट आहे. फ्रीलान्सरच्या कानाला याहून गोड शब्द नाही.

त्याचा फंडा एकदम सही आहे. तुम्ही 'हे ठळक कर, अठरा पॉइंट कर, मध्ये घे' असलं काही सांगायचंच नाही. फक्त सांगायचं, की हे प्रकरणाचं नाव आहे. किंवा हे पोटमथळ्याचं. आकडा तो घालतो, नवं पान तो सुरू करतो, पानाच्या डोक्यावर तो लिहितो, अनुक्रमणिका तो बनवतो. नानांनी सतरावं उचलून चौथं केलं तरी टेन्शन नाही, फाईल पुन्हा चालवायची की सगळं जागेवर.

फक्त, 'प्रकरणाचं नाव आहे' असं सांगितलं की तो वर स्वतःच्या मनानं 'चॅप्टर' लिहितो. कारण त्याचं मन इंग्रजी आहे. सुरुवातीच्या लाटेकमध्ये हा शब्द थेट सॉफ्टवेअरच्या पोटात कोरलेला होता. जर्मन माणसाला आपलं पुस्तक जर्मन दिसायला हवं असेल तर त्यानं पोट फाडायचं आणि शब्द बदलायचा. मग १९९०च्या सुमारास योहानेस ब्राम्स नावाच्या डच माणसानं याचं पॅकेज केलं. नाव ठेवलं बेबेल, बायबलमधल्या त्या मनोऱ्यावरून, जिथे सगळ्यांच्या भाषा वेगळ्या झाल्या. कल्पना साधी. सॉफ्टवेअरनं 'चॅप्टर' न लिहिता एक रिकामी चौकट ठेवायची, तिचं नाव 'चॅप्टरनेम'. अनुक्रमणिकेची वेगळी चौकट, परिशिष्टाची वेगळी, आकृतीची वेगळी. प्रत्येक भाषेनं आपापल्या शब्दांची यादी द्यायची. भाषा सांगितली की त्या यादीतले शब्द चौकटींत जाऊन बसतात. आज बेबेलमध्ये शेकडो भाषा आहेत. मराठीही आहे.

पण सफेदा म्हणाला, 'स्क्रिप्ट तो सेम है,' आणि त्यानं घाईत हिंदी लावून दिली.

दुसरी पीडीएफ. दुसरा फोन. या वेळी सव्वासहा.

'चॅप्टर गेले. अध्याय आले. बरं. पण सुरुवातीला "विषय सूची" काय आहे?'

मी हिंदी यादीकडे बघितलं आणि हसू आवरेना. हिंदीत पुस्तकाच्या सुरुवातीला असते ती विषय सूची, आणि 'अनुक्रमणिका' म्हणतात ती शेवटी असते, म्हणजे आपण जिला सूची म्हणतो ती! शब्द तेच, अक्षरं तीच, पण पुस्तकाच्या पुढचं मागे आणि मागचं पुढे. सफेदाला सांगितलं तर त्याला वाटलं मी गंमत करतोय. स्क्रिप्ट सेम है म्हणे.

मग मराठी लावली आणि चौकटीत आमच्या हातानं 'प्रकरण' घातलं. आता वर यायला लागलं 'प्रकरण' आणि शेजारी इंग्रजी आकडा. देवनागरी आकडे वेगळे सांगावे लागतात, ते सांगितले. 'प्रकरण १'. कसलं भारी दिसत होतं! आम्ही दोघांनी त्या रात्री पार्सल बिर्याणी मागवली.

'प्रकरण एक?' नाना. 'एक किलो, दोन किलो, तसं? मराठीत प्रकरण पहिले असतं.'

आणि इथे आमची खरी गोची झाली.

विचार करा. कपाटातलं कुठलंही जुनं मराठी पुस्तक काढा. प्रकरण पहिले. अध्याय दुसरा. नाटक असेल तर अंक तिसरा, प्रवेश चौथा. इंग्रजीत नुसता आकडा चिकटवून भागतं. लाटेकचा साचा तोच आहे: आधी शब्द, मग मोकळी जागा, मग आकडा. बेबेलनं शब्द बदलला, साचा इंग्रजीच राहिला. हा घोळ आपल्यापुरता नाही, हे शोधता शोधता कळलं. हंगेरियनमध्ये आकडा आधी येतो, त्यापुढे टिंब आणि मग 'फेयेझेत', म्हणजे प्रकरण. त्यामुळे हंगेरियन लोकांना नुसती यादी देऊन भागलं नाही, क्रमच उलटा करून घ्यावा लागला. जपानीत तर आकडा मधोमध. आधी एक अक्षर, मग आकडा, मग दुसरं अक्षर, सँडविचसारखं. त्यांनी एकाच्या जागी दोन चौकटी केल्या, एक आकड्याच्या आधीची, एक नंतरची.

आपल्याकडे क्रम बदलायची गरज नाही, पण आकडा वाकतो. आणि कसाही वाकत नाही, शब्दाच्या लिंगाप्रमाणे वाकतो. प्रकरण पहिले, अध्याय पहिला, लीळा पहिली. म्हणजे चौकटीतला शब्द बदलला की शेजारचा आकडाही बदलायला हवा, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सफेदा प्रोग्रामर, त्यानं नियम मागितला. मी म्हटलं, सोपं आहे, 'वे' लावायचं. पाचवे, सहावे, सातवे. त्यानं लावलं. आलं काय? एकवे, दोनवे, तीनवे, चारवे! पुढे नऊवे. वीसवे.

'वीसवे नाही रे, विसावे,' नाना फोनवर. 'दीर्घ वी ऱ्हस्व होते. सहावीला शिकवलं होतं तुला.'

शेवटी नियमाचा नाद सोडला आणि एकेक शब्द हातानं लिहिला. आकडा १ असेल तर हा शब्द, २ असेल तर हा... अशी शिडी. इंग्रजी माणूस वीसच्या पुढे जोडकाम करून मोकळा होतो. आपल्याला एकोणिसावे, एकविसावे, बाविसावे असा प्रत्येक जण वेगळा भेटतो, जणू मोठ्या कुटुंबातले चुलते. एका रविवारात तेवीस शब्द बसवले. सफेदा म्हणाला, तुम्हारे यहाँ बच्चे गिनती कैसे सीखते हैं? मी त्याला हिंदीतले उनसठ आणि उनहत्तर म्हणून दाखवायला सांगितलं. तो गप्प.

तर 'प्रकरण पहिले' झालं. पाठवलं. मला वाटलं, आता तरी शाबासकी.

'छान आलंय,' नाना म्हणाले. मग थोडं थांबले. 'पण प्रकरण नको.'

'आता काय झालं?'

'प्रकरण पोलीस स्टेशनात असतं, नाहीतर कॉलेजात. बागेत कसलं प्रकरण?'

त्या संध्याकाळी मी शिर्डीची गाडी पकडली आणि राहात्याला गेलो, कारण हे फोनवर मिटणारं नव्हतं. नाना ओट्यावर बसले होते आणि त्यांनी मला चक्क तास घेतला. गंमत म्हणजे तो तास शाळेतल्या कुठल्याही तासापेक्षा इंटरेस्टिंग निघाला.

म्हणाले, 'प्रकरण' हा एकच शब्द आहे असं तुला आणि तुझ्या मशीनला कोणी सांगितलं? दासबोध घे. त्यात दशक आणि समास. वीस दशक, दर दशकाचे दहा समास, एकूण दोनशे. ('हे म्हणजे चॅप्टर आणि सेक्शन,' मी मनातल्या मनात.) लीळाचरित्रात पूर्वार्ध-उत्तरार्ध आणि आत लीळा. गोव्यात फादर स्टीफन्सनी १६१६ साली क्रिस्तपुराण छापलं, मराठी पण रोमन अक्षरांत, त्यात सर्गाला 'अवस्वरू' म्हटलंय. नाटकात अंक. प्रत्येकानं आपल्या मालाप्रमाणे खण केले. दुकानदार काय सगळ्या डब्यांवर 'डबा' अशी चिठ्ठी लावतो?

आणि मथळा वरच असायला हवा, हे तरी कुठून आलं? आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. जुन्या पोथ्यांमध्ये अध्यायाचं नाव आणि आकडा शेवटी येतो, समाप्तीच्या ओळीत. हा कितवा होता, ते ऐकून झाल्यावर सांगायचं. मी लाटेकच्या बाजूनं विचार करून पाहिला, अंगावर काटा आला. ती रिकामी चौकट पानाच्या वर असते, हे गृहीतच धरलेलं आहे.

मग देवघरातून साईसच्चरित काढलं. ते आमच्याकडे घरोघरी असतं, आणि राहातेकरांना त्याचा वेगळा अभिमान, कारण राहाता त्यात आहे. बाबा शिर्डी सोडून फारसे कुठे जात नसत, पण राहात्याला खुशालचंद शेठजींकडे येत असत. दाभोलकरांनी लिहिलेली ही ओवीबद्ध पोथी त्रेपन्न अध्यायांची. 'आणि त्रेपन्नावा कशाचा आहे सांग.' मला माहीत नव्हतं. अवतरणिका! आधीच्या सगळ्या अध्यायांत काय काय आलं त्याचा गोषवारा, तोही ओव्यांत. थोडक्यात, शेवटी येणारी, गाता येणारी अनुक्रमणिका. दाभोलकरांनी ती द्यायचं कबूल केलं होतं, पण १९२९ मध्ये ते गेले. मग ती बी. व्ही. देव यांनी लिहून पूर्ण केली.

'तुझं मशीन अनुक्रमणिका आपोआप करतं म्हणालास ना?' नाना म्हणाले. 'चांगलंय.' त्यात टोमणा होता की कौतुक, मला अजून कळलेलं नाही.

'मग तुम्हाला प्रकरणाच्या जागी काय पाहिजे?'

त्यांनी वही पुढे केली. निळ्या शाईत, शिक्षकी अक्षरात, पहिल्या पानावर लिहिलेलं होतं: बहार पहिला.

मी दोन महिने ह्या वह्या टाइप करत होतो. प्रत्येक वहीच्या सुरुवातीला ते होतं. मी दर वेळी ते वगळून खालच्या नावापासून टाइप केलं होतं, कारण आकडा सॉफ्टवेअर घालणारच होतं.

पेरूवाल्यांना बहार म्हणजे काय ते सांगायला नको, पण तुमच्यासाठी सांगतो. पेरूला वर्षात तीनदा फूल येऊ शकतं: मृग, हस्त आणि आंबे बहार. तिन्ही घेतले तर झाड दमतं आणि फळ धड येत नाही, म्हणून बागवाला एकच निवडतो. त्याला बहार धरणं म्हणतात. आम्ही मृग धरायचो. त्यासाठी उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये झाडाचं पाणी तोडायचं. हा ताण. पानं पिवळी पडतात, गळतात, बघवत नाही. मग मशागत, खत, आणि मृगाच्या पावसाबरोबर पाणी, की झाड फुटतं, फुलतं आणि हिवाळ्यात फळ. आमच्या घरात वर्ष जानेवारीत सुरू होत नसे, ताणावर सुरू होत असे.

पुण्याला परत आल्यावर चौकटीत 'बहार' घातलं. बहार पुल्लिंगी, त्यामुळे तेवीसच्या तेवीस शब्द पुन्हा बदलले. पहिले गेलं, पहिला आला. सफेदा काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

एवढ्यावर भागेल असं वाटत असेल तर तुम्ही मराठी बोलता खरं, पण तिच्याकडे बघत नाही. नानांनी मजकुरात जागोजागी मागचे संदर्भ दिले होते. सातव्या बहारात सांगितल्याप्रमाणे, अकराव्या बहाराच्या वेळी, असे. आकडे बदलले की हेही बदलायला हवेत आणि लाटेक ते करतं, पण करतं काय, तर 'बहार ७ मध्ये'. हे रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखं वाटतं. मराठीत प्रत्यय लागला की आधी सामान्यरूप होतं, आणि शेजारचं विशेषणही त्याच्याबरोबर वाकतं. सातवा बहार, पण सातव्या बहारात. म्हणून दुसरी शिडी लिहिली: पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या... आणखी तेवीस. पानाच्या डोक्यावरच्या ओळीतही तोच इंग्रजी साचा लपलेला होता, तिथेही दुरुस्ती. ती ओळ लाटेक मुळात सगळी कॅपिटलमध्ये करतं, पण आपल्या लिपीत कॅपिटल नसतंच, त्यामुळे तो हुकूम येऊन गेला आणि पानावर काहीच झालं नाही. मला उगाच बरं वाटलं.

एक तक्रार अजून होती. लाटेक प्रत्येक प्रकरण उजव्या हाताच्या पानावर सुरू करतं आणि त्यासाठी गरज पडली तर डावं पान कोरं सोडतं. नाना म्हणाले, 'कोरी पानं कशाला? कागद काय झाडाला लागतो?' ('नाना, झाडापासूनच होतो.' 'तेच म्हणतोय.') ती सोय बंद केली. नऊ पानं वाचली.

शेवटची पीडीएफ पाठवली फेब्रुवारीत, आणि फोनची वाट न बघता झोपून गेलो. फोन आला तो दुपारी. आवाज वर्गातला नव्हता.

'सगळं बरोबर आहे,' नाना म्हणाले. 'तेविसावा कुठंय?'

'बाविसाव्यापर्यंतच आहेत ना. तेविसाव्या वहीत काही नाहीये. नुसता मथळा आहे.'

'हो.'

'म्हणून काढून टाकला. मला वाटलं, वही तशीच राहिली असेल.'

'तशीच राहिली. पण बहार धरला होता.'

मला आधी लक्षात आलं नाही. मग बाविसाव्याचा शेवट काढून बघितला. मीच टाइप केला होता तो, रात्री कधीतरी, अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. त्यात एप्रिल २०१८ ची नोंद आहे. पाणी तोडलं, ताण चांगला बसतोय, या वर्षी फूल भरपूर दिसतंय, असा मजकूर.

२०१८ च्या जूनमध्ये मी पुण्याला मास कम्युनिकेशनला ॲडमिशन घेतली. प्रायव्हेट इन्स्टिट्यूट, फी मजबूत. ताईच्या लग्नाचं कर्ज त्याआधीच्या वर्षीचं होतंच. बाग मे महिन्यात विकली गेली. मला सांगितलं होतं, की झाडं म्हातारी झाली होती, पंचवीस वर्षांची, तशीही काढायचीच होती. मी ते लगेच मान्य केलं. वीस वर्षांच्या मुलाला सोयीचं असतं ते तो लगेच मान्य करतो. पेरूची बाग पंचवीस वर्षांत थकते, हे खरंही आहे. पण काढायची असलेल्या बागेला कोणी ताण देत नाही. विकणाऱ्यानं पाणी कशाला तोडायचं? ते झाड फुलावं म्हणून तोडतात.

आता तिथे लॉन आहे. शिर्डीच्या रस्त्यावर अशी पुष्कळ आहेत, लग्नांसाठी.

मी फोनवर विचारलं, 'नाना, मग तिथे काही लिहायचंय का? दोन ओळी तरी?'

'काय लिहायचं? आलाच नाही तो. पण आकडा पाहिजे. तेवीस धरले होते मी.'

'पान कोरं राहील मग.'

'राहू दे एक.'

लाटेकला याचं काहीच वाटलं नाही. मथळा दिला, खाली मजकूर नाही, तरी त्यानं मुकाट्यानं नवं पान घेतलं, वर 'बहार तेविसावा' लिहिलं आणि थांबलं. शब्द शिडीत होताच, तेवीस लिहिले होते ना आम्ही. मी पीडीएफ राहात्याला पाठवली आणि चहा ठेवला.

पाच मिनिटांत फोन.

'पुस्तकात आलाय. अनुक्रमणिकेत नाही.'

मी सफेदाला हाक मारली. तो दात घासत बाहेर आला आणि स्क्रीनकडे न बघताच म्हणाला, 'दो बार चलाया?'

अनुक्रमणिका बरोबर यायला फाईल दोनदा चालवावी लागते, हे मी विसरलो होतो. पहिल्या खेपेला तो मथळे कुठे पडले ते टिपून ठेवतो आणि दुसऱ्या खेपेला ते पुढे लिहितो. पुन्हा चालवली. अनुक्रमणिकेच्या तळाला एक ओळ वाढली. बहार तेविसावा, मग ठिपके, मग १८९.

'आलं,' नाना म्हणाले. 'आता छापायला दे.'